झाकली मूठ, पण कुणापासून?

चक्रवाढ
परवा इथे एका सदस्याने ठणकावून लिहिलं : 'पगार, कर्ज आणि शिल्लक घराबाहेर बोलणारा माणूस एकतर बढाईखोर असतो, नाहीतर हात पसरायच्या तयारीत असतो.' खाली सहमतची रांग. दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही.

माझे वडील याच पंथातले. ते गेले आणि मूठ उघडली, तर आत एक थकलेलं कर्ज, कुठल्याशा मित्राला दिलेली जामिनाची सही आणि डायरीच्या पुठ्ठ्यात लिहिलेले तीन खात्यांचे नंबर. आईला यातलं एक अक्षर माहीत नव्हतं. वर्षभर कागद हुडकत होतो, रडायला सवड झाली नाही.

चव्हाट्यावर सांगा असं म्हणतच नाहीये. पण ज्या दोन-तीन माणसांना आपण आजारपण सांगतो, नवराबायकोची भांडणं सांगतो, त्यांना कार्डावरची थकबाकी सांगताना जीभ का अडते? महिना 2 टक्के व्याज म्हणजे तीन वर्षांत रक्कम दुप्पट. (72 ला दराने भागा, मुदत मिळते.) लाज काही तेवढी थांबत नाही, आणि व्याजही नाही.

खडूस_मी
ते लिहिणारा मीच. शब्द मागे घेत नाही.

बोनस झाल्याचं एकदाच, एकाच मित्राला सांगितलं. शाळेपासूनचा. आठव्या दिवशी फोन : 'अडचण आहे रे.' दोन महिन्यांचा पगार दिला. या गोष्टीला सहा वर्षं झाली. आता तो मला पाहून रस्ता बदलतो आणि त्याच्या सहलींचे फोटो मला दिसतात. असतील शितें तर जमतील भुतें. मी शितंच दाखवत नाही, विषय संपला.

पाटीपेन्सिल
विषय असा संपत नाही. मी ज्याला काम शिकवलं त्याचा पगार माझ्यापेक्षा जास्त होता. कसं कळलं? त्यानेच जेवताना सांगितलं, बिचारा स्वतःच ओशाळला. मी वरिष्ठांकडे गेले, तर पहिला प्रश्न : 'तुम्हाला कोणी सांगितलं?' रक्कम चुकीची आहे असं कोणी म्हणालंच नाही.

अमेरिकेतल्या लिली लेडबेटरचं प्रकरण आठवा. टायर कारखान्यात जवळपास 19 वर्षं, आणि बरोबरीच्या पुरुषांना जास्त मिळतं हे कळलं एका निनावी चिठ्ठीवरून. 2007 साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयात हरली, का तर तक्रार करायला उशीर झाला. जे माहीतच नाही त्याची तक्रार वेळेत करायची! 2009 मध्ये तिच्या नावाने कायदा आला खरा, पण तिच्या हाती दमडी नाही. गुप्ततेचं भाडं कोण भरतं ते बघा.

उंटावरून
ताई, सगळं उघडं केल्याने सुख येतं असंही नाही. नॉर्वेत कुणाचंही करपात्र उत्पन्न पाहता येतं. 2001 पासून ते इंटरनेटवर सहज दिसू लागलं आणि त्यानंतर श्रीमंत आणि गरीब यांच्या समाधानातली दरी रुंदावली, असं 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निघालं. शेजाऱ्याचा आकडा कळला की आपला लहान वाटतो, एवढंच.

चक्रवाढ
त्याच नॉर्वेत 2014 पासून 'तुमचं उत्पन्न कोणी पाहिलं' हे तुम्हालाही कळू लागलं, आणि डोकावणाऱ्यांची संख्या धाडकन आपटली. डोकावणं वेगळं आणि समोर बसून सांगणं वेगळं. मी दुसऱ्याबद्दल बोलतोय.

निवडुंग
अवांतर : खडूसराव, पैसे देताना लिहून घेतलं होतं का?

खडूस_मी
मित्राकडून? सही?

निवडुंग
मग चूक तुमची. उसने देताना तारीख, रक्कम आणि परतीची मुदत एका कागदावर, दोघांच्या सह्या. नाहीतर दान समजून द्यायचं. तिसरा मार्ग नाही.

पाटीपेन्सिल
सही मागितली की मैत्री तिथेच संपते.

निवडुंग
नाही मागितली तर सहा वर्षांनी संपते. गणित एकच. आणि जामीन राहणाऱ्यांनी तर जास्तच कान उघडे ठेवावेत. 'नुसती सही' काही नसते, कर्जदाराने हात वर केले की वसुली तुमच्या दारात येते. चक्रवाढ यांच्या वडिलांनी काय केलं ते वाचलंत ना? भाबडेपणा म्हणतात त्याला.

चक्रवाढ
माझ्या वडिलांना भाबडं म्हणायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला? तो मित्र त्यांच्या पडत्या काळात उभा राहिला होता. माहीत नसताना तोंड उघडू नका.

निवडुंग
तोंड उघडा असा धागा तुम्हीच काढलात!

उंटावरून
दोघेही जरा पाणी प्या.

निवडुंग
बरं. वडिलांबद्दलचं वाक्य मागे. जामिनाबद्दलचं नाही. मी भावासाठी सही केली होती, अजून हप्ते भरतोय. भावाला बोललो नाही, बोलणारही नाही.

पाटीपेन्सिल
म्हणजे भावाला ठाऊकच नाही की तुम्ही भरताय?

निवडुंग
ठाऊक असेल की. विचारत नाही.

खडूस_मी
काल रात्री हा सगळा धागा पुन्हा वाचला. मला त्या मित्राने फसवलं असं मी सहा वर्षं धरून चाललोय. पण 'अडचण' म्हणजे नक्की काय, हे मी विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही. विचारलं असतं तर कदाचित निम्मेच दिले असते, किंवा दिलेच नसते आणि मित्र राहिला असता. म्हणजे धागाकर्त्याचा मुद्दा अर्धा पाव टक्का बरोबर आहे. टाळ्या वाजवू नका.

पगार मी तरीही कोणाला सांगणार नाही. पण चक्रवाढ, वडिलांनंतर तुम्ही सगळ्याची यादी केली असेलच. रकाने कोणते ठेवलेत ते टाका इथे. बायकोसाठी हवेत.

चक्रवाढ
खाती, कर्ज कोणाचं आणि किती उरलंय, कुठेकुठे जामीन आहे, कोणाला उसने दिले, कोणाकडून घेतले, विमा, आणि कागद कुठल्या कपाटात. पानभर होतं.

खडूस_मी
उत्तम. वहिनींनी ते पान पाहून काय म्हटलं?

चक्रवाढ
अजून दाखवलं नाहीये.

खडूस_मी
😂 धागा काढलात तुम्ही!

चक्रवाढ
'घेतले' या रकान्यात एक ओळ आहे.