शब्दचर्चा : यशवंत

प्रश्न असा आला आहे. घरात बारसं तोंडावर आलंय. पणजोबांचं 'यशवंत' हे नाव पाळण्यात ठेवावं असं थोरल्यांच्या मनात आहे, पण बाळाच्या आईवडिलांना ते जुन्या वळणाचं वाटतंय. नावाचा नेमका अर्थ काय, 'यशवंत' बरोबर की 'यशोवंत', आपल्या सातारा-सांगलीकडं या नावाची एवढी माणसं कशी, आणि मुलीसाठी याचं स्त्रीरूप काय?

अर्थापासून सुरुवात करतो, कारण बहुतेक नावकोशांत 'कीर्तिमान, प्रसिद्ध' एवढंच देऊन विषय मिटवलेला असतो. संस्कृत 'यशस्' या शब्दापुरतं ते बरोबर आहे, तिथं यश म्हणजे लौकिक. मराठीत मात्र यशाचा अर्थ सरकला आहे. आपण म्हणतो 'कामाला यश आलं', 'वैद्याच्या हाताला यश आहे', 'देवा, यश दे'. यात गाजावाजा कुठंच नाही. हाती घेतलेलं काम तडीस गेलं, संकटातून सुटका झाली, एवढाच भाव आहे. क्रियापदंही बघा: यश येतं, मिळतं, लाभतं, पदरात पडतं. मेहनत माणसानं करायची, पण यश बाहेरून त्याच्यापर्यंत येतं, अशीच मराठी माणसाची धारणा या बोलण्यातून दिसते.

सज्जनगड डोळ्यांसमोर असणाऱ्यांना समर्थांच्या शिवरायांवरच्या ओळी पाठ असतील: 'यशवंत, कीर्तिवंत। सामर्थ्यवंत, वरदवंत। पुण्यवंत, नीतिवंत। जाणता राजा॥' इथं यशवंत आणि कीर्तिवंत हे शब्द शेजारीशेजारी आले आहेत. दोन्हींचा अर्थ एकच असता तर समर्थांनी दोन शब्द खर्ची घातले नसते, असं मला ठामपणे वाटतं. यशवंत म्हणजे ज्याची कामं फळाला जातात तो, आणि कीर्तिवंत म्हणजे ज्याचं नाव सर्वदूर होतं तो.

'वंत'बद्दलही याच ओळींतून बरंच कळतं. संस्कृतात 'असलेला' या अर्थाचा प्रत्यय शब्दाच्या शेवटच्या स्वराप्रमाणे बदलतो. अ किंवा आ असेल तर वत्, म्हणून गुणवान आणि विद्यावान. इ, ई, उ असेल तर मत्, म्हणून बुद्धिमान, श्रीमान, हनुमान. त्या हिशेबानं 'कीर्तिमान' आणि 'नीतिमान' व्हायला हवं, पण समर्थ सरळ 'कीर्तिवंत', 'नीतिवंत' लिहितात. म्हणजे तोवर 'वंत' हा मराठीचा स्वतःचा प्रत्यय झाला होता आणि तो कुठंही लागत होता. 'मंत' जुन्या जोड्यांपुरता उरला: श्रीमंत, बुद्धिमंत, हनुमंत. आपल्याकडं त्याचाही हणमंत झाला आणि कडेगाव तालुक्यात हणमंतवडिये नावाचं गावच आहे.

आता 'यशोवंत'. काहीजण यशोदा, यशोधरा, यशोधन यांच्याकडं बोट दाखवून 'यशोवंत' शुद्ध ठरवतात. त्या नावांत संस्कृत 'यशस्'ची दुसऱ्या शब्दाशी संधी होऊन 'यशो' झालं आहे. पण वत् प्रत्यय लागताना संस्कृतातही 'यशो' होत नाही, तिथं 'यशस्वान्' असं रूप येतं. तेव्हा 'यशोवंत' हे धड संस्कृतही नाही आणि मराठीही नाही. आपलं नाव मराठी 'यश' अधिक मराठी 'वंत' असं सरळ घडलेलं आहे. जन्मदाखल्यावर बिनदिक्कत 'यशवंत' लिहा.

जुन्या मराठी कागदांत यशाला 'येश' आणि 'येस'ही लिहिलेलं सापडतं, आणि गावाकडची म्हातारी माणसं 'येसवंत' अशी हाक मारत. येसाजी आणि येसूबाई ही नावं मला त्याच 'येस'च्या कुळातली दिसतात. शाहू महाराजांच्या मातोश्री येसूबाई १७१९ साली मोगलांच्या कैदेतून सुटून साताऱ्याला आल्या, म्हणजे साताऱ्याच्या गादीशीही हे कूळ जोडलेलं आहे. उत्तरेकडं याच शब्दाचा 'जस' झाला आणि नाव झालं जसवंत. औरंगजेबाचा सरदार जोधपूरचा जसवंतसिंह दख्खनेत आला, त्याचं नाव आणि आपलं यशवंत एकच.

आता या नावाच्या इतक्या माणसांबद्दल. कोणीही पहिलं नाव यशवंतराव चव्हाणांचंच घेईल. पण त्यांना ते नाव कसं मिळालं हे अनेकांना माहीत नसतं, आणि माझ्या मते या नावाचं मर्म तिथंच आहे. १२ मार्च १९१३ रोजी देवराष्ट्र्याला आजोळी त्यांचा जन्म झाला. गाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होतं, आता सांगलीत आहे. बाळंतपण अवघड होतं, आईच्या जिवावर बेतलं होतं. तेव्हा आजीनं गावाजवळच्या सागरोबाला साकडं घातलं की लेकीला सोडव, यश दे, तुझी आठवण म्हणून मुलाचं नाव यशवंत ठेवीन. 'कृष्णाकाठ' या आत्मचरित्रात त्यांनी हे सांगितलं आहे.

यात एक गोष्ट बारकाईनं बघण्यासारखी आहे. नवसाच्या पोराला देवाचंच नाव द्यायची आपल्याकडं रीत आहे. जोतिबाच्या नवसाचा जोतीराम, खंडोबाच्या नवसाचा खंडू. त्या रीतीनं या मुलाचं नाव 'सागर' व्हायला हरकत नव्हती. आजीनं मात्र देवाकडं जे मागितलं तेच नावात घातलं. मुलानं मोठं होऊन नाव काढावं, ही आस त्या नावात नव्हती. लेक वाचली, देवानं यश दिलं, ही पोच त्यात होती. 'यशवंत' म्हणजे महत्त्वाकांक्षेचं नाव असं ज्यांना वाटतं त्यांनी देवराष्ट्र्याची ही हकीकत जरूर लक्षात घ्यावी.

दुसरं म्हणजे हे नाव कुण्या एका जातीचं किंवा पंथाचं कधीच झालं नाही. कुठला देव नाही, संप्रदाय नाही, त्यामुळे ते सगळ्या घरांत गेलं. इंदूरच्या होळकरांत यशवंतराव झाले, इंग्रजांशी झुंजलेले. कटगुणच्या फुल्यांच्या घराण्यातले जोतीराव आणि नायगावच्या सावित्रीबाई यांनी दत्तक घेतलेल्या मुलाचं नाव यशवंत. तो डॉक्टर झाला आणि १८९७ च्या प्लेगात मायलेकांनी रुग्णांची सेवा केली. सावित्रीबाई त्याच साथीत गेल्या. साताऱ्यात शाळेचे पहिले धडे गिरवलेल्या बाबासाहेबांनीही मुलाचं नाव यशवंत ठेवलं. जन्म डिसेंबर १९१२, म्हणजे देवराष्ट्र्याच्या यशवंतापेक्षा तीनच महिने आधीचा. चाफळला १८९९ साली जन्मलेल्या यशवंत दिनकर पेंढरकरांनी तर आडनाव बाजूला ठेवून नुसत्या 'यशवंत' या नावानं कविता लिहिली आणि महाराष्ट्रानं त्यांना त्याच नावानं ओळखलं. धनगर, माळी, महार, मराठा, ब्राह्मण, सगळ्यांच्या पाळण्यात शोभलेली अशी नावं फार थोडी आहेत. मला तरी या नावाची सगळ्यांत मोठी थोरवी हीच वाटते.

१९६० नंतर चव्हाणसाहेबांमुळं या भागात नावाला वेगळं वजन आलं, हे खरं. शाळा, महाविद्यालयं, कराडजवळचं यशवंतनगर, सगळीकडं ते दिसतं. मात्र पाटीवर सतत दिसणारं नाव पाळण्यात ठेवताना लोक बिचकतात, त्याचा परिणामही या नावावर झाला असावा.

स्त्रीरूप विचारलंय. 'यशवंती' हे रूप आहे, पण ते ऐकलं की सिंहगडाच्या पोवाड्यातली तानाजीची घोरपड आठवते, म्हणून मुलींना ते फारसं ठेवत नाहीत. मुलींसाठी यशोदा, यशस्विनी आहेतच.

वापराबद्दल थोडं. सामान्यरूप दोन्ही चालतात: 'यशवंताला' जुनं आणि भारदस्त, 'यशवंतला' आजच्या बोलण्यातलं. हाक मारताना मात्र 'यशवंता' हेच कानाला गोड लागतं, भगवंता, हनुमंता यांच्या चालीवर. बरोबरीच्यांत 'यशा' होतोच. मोठेपणी 'राव' लागतं आणि ते या नावाला फार सहज बसतं.

पणजोबांचं नाव ठेवण्यात एक अडचण येते, तीही लिहितो. सासऱ्याचं, आजेसासऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं नाही ही चाल आपल्या अनेक घरांत अजून आहे. मग नाव दाखल्यावर राहतं आणि पोराला घरात सगळे आबा, दादा, बाळू म्हणत राहतात. आजीला किंवा पणजीला ते नाव उच्चारायला अवघड वाटणार असेल तर बारशाआधीच त्यांच्याशी बोलून घ्या. अनेक आज्या नातवासाठी हा संकोच आनंदानं सोडतात.

आणि जुनाट वाटण्याबद्दल: आज 'यश' नावाची मुलं घरोघरी आहेत आणि ते कुणाला जुनं वाटत नाही. बाळाचे आईवडील लाडानं 'यश' म्हणू देत, थोरल्यांना 'यशवंत' म्हणू देत. दाखल्यावर मात्र पूर्ण नावच घाला. यशवंतचा यश कधीही करता येतो, पण यशचा यशवंत करायचा तर राजपत्रात नावबदल छापून आणावा लागतो.