सीएफओनंतर स्वतंत्र संचालक: परीक्षा लागते का?

प्रश्न (चिंचवड): लिस्टेड (शेअर बाजारात नोंदलेल्या) कंपनीत ४ वर्षं सीएफओ (मुख्य वित्त अधिकारी). आता दुसरीकडे स्वतंत्र संचालक (कंपनीशी हितसंबंध नसलेला संचालक) व्हायचंय. तयारी काय करू?

कोथरूडकर: सीएफओ म्हणजे केएमपी (कायद्याने ठरवलेला प्रमुख व्यवस्थापकीय अधिकारी). लिस्टेड कंपनीत ३ वर्षं भरली असतील तर स्वतंत्र संचालकांची ऑनलाइन परीक्षा माफ, पण डेटाबँकेतली (स्वतंत्र संचालकांच्या अधिकृत यादीतली) नोंदणी माफ नाही! गल्लत इथेच होते. नोंदणी नेमणुकीआधी हवी. डीआयएनची (संचालक ओळख क्रमांकाची) घाई नको; त्याच्या अर्जाला, डीआयआर-३ला, नेमणाऱ्या कंपनीचा बोर्ड ठराव जोडावा लागतो.

सीएस (कंपनी सेक्रेटरी), बाणेर: आणि चाकणच्या आपल्याच ग्रुपमधल्या उपकंपनीवर डोळा असेल तर विसरा. कंपनी कायद्याचं कलम १४९(६): मूळ, उप वा सहयोगी कंपनीतली नोकरी मागच्या ३ आर्थिक वर्षांत असेल तर 'स्वतंत्र' ठरत नाही.

प्रश्नकर्ता: अरेच्चा, डोळा तिथेच होता!