शेरी-फिनिश ब्लेंडेड स्कॉच : पिंपाचा गुण कसा जोखावा?

प्रश्न

गेल्या महिन्यात शेरीच्या (स्पेनमधील द्राक्षमद्याच्या) पिंपात फिनिश केलेली, म्हणजे शेवटचा काही काळ मुरवलेली, एक ब्लेंडेड स्कॉच व्हिस्की घेतली. वय १२ वर्षे, अल्कोहोल ४० टक्के. रंग गडद तांबूस आहे आणि पहिल्या वासाला काळ्या मनुका, खारीक व संत्र्याची साल स्पष्ट जाणवते. मात्र घोट गिळताच गोडवा विरतो आणि जिभेच्या मागच्या भागावर तुरट कडवटपणा तेवढा उरतो. त्याच घराण्याची साधी ब्लेंड मला अधिक एकजीव वाटते. माझ्या चाखण्यात चूक होत आहे, की शेरी नुसती वरून चढवलेली आहे?

प्रतिसाद १

प्रथम रंग बाजूला ठेवावा. स्कॉचमध्ये कॅरॅमलचा रंग मिसळण्यास कायद्याने परवानगी आहे, त्यामुळे तांबूसपणावरून पिंपाबद्दल काहीही सिद्ध होत नाही. लेबलवरील १२ हा आकडा मिश्रणातील सर्वांत कोवळ्या व्हिस्कीचे वय सांगतो. शेरीच्या पिंपात ती किती काळ होती, हे त्यातून कळत नाही.

ब्लेंडमध्ये माल्टबरोबर (मोड आणलेल्या बार्लीच्या व्हिस्कीबरोबर) ग्रेन व्हिस्की असते. ती गहू किंवा मक्यापासून अखंड चालणाऱ्या ऊर्ध्वपातन यंत्रात तयार होते आणि अंगाने, म्हणजे तोंडात जाणवणाऱ्या दाटपणाने, हलकी असते. अशा हलक्या अंगावर शेरीचे पिंप लवकर वरचढ ठरते, म्हणून वास भरगच्च आणि घोटाची मधली चव पोकळ असा अनुभव येऊ शकतो. माझ्या मते खरी कसोटी मनुकांचा वास किती आहे ही नसून, त्या वासाखाली धान्य, मध आणि व्हॅनिला अजून सापडतात का, ही आहे.

पद्धतीबद्दल सांगायचे तर, तळाशी फुगीर आणि तोंडाशी निमुळता पेला घेऊन त्यात २० ते २५ मिली ओतावी, दहा-पंधरा मिनिटे थांबावे आणि ओठ किंचित उघडे ठेवून हुंगावे. नंतर पाण्याचे थेंब एकेक करून घालावेत. चांगली मुरलेली व्हिस्की पाण्याने उलगडते. वरवरची असेल तर गोडवा आणि लाकूड वेगवेगळे पडतात. पेला न धुता ठेवून सकाळी पुन्हा हुंगावा. कोरड्या पेल्यात अक्रोड, जायफळ आणि जुन्या लाकडाचा वास उरला असेल, तर पिंपाने खरेच काम केले आहे असे मी मानतो.

प्रतिसाद २

कडवटपणासोबत विझलेल्या काडेपेटीच्या काडीसारखा किंवा रबरासारखा वास येतो का, हेही पाहावे. रिकामी पिंपे खराब होऊ नयेत म्हणून त्यांत गंधक जाळण्याची जुनी रीत आहे आणि तिचा अंश व्हिस्कीत उतरू शकतो. काही नाकांना तो जाणवतच नाही, म्हणून दुसऱ्या कोणाला तरी हुंगायला द्यावे.

प्रश्नकर्ता

गंधकाचा वास नाही. मी पुण्यात राहतो आणि चाखली तेव्हा खोलीचे तापमान ३३ अंश होते. पूर्वी शेरीची पिंपे अधिक चांगली मिळत, असे ऐकले आहे. त्याचा येथे काही संबंध आहे का?

प्रतिसाद १

३३ अंशांना अल्कोहोल आधी नाकात शिरतो आणि बाकीचे झाकोळते. बाटली थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवून २० अंशांच्या आसपास आणावी. बर्फ मात्र नको, कारण त्याने वास मिटतो आणि तुरटपणा पुढे येतो.

प्रतिसाद ३

पिंपांचा संबंध नक्कीच आहे. एके काळी स्पेनमधील हेरेसहून शेरी पिंपांतूनच ब्रिटनला जात असे आणि रिकामी झालेली पिंपे स्कॉटलंडचे डिस्टिलर घेत. १९८० च्या दशकात शेरी स्पेनमध्येच बाटलीबंद करणे बंधनकारक झाले आणि ती वाट बंद झाली. आज बहुतेक पिंपे मुद्दाम एक-दोन वर्षे शेरी भरून तयार करवून घेतली जातात. त्यांत ओलोरोसो (कोरड्या प्रकारची शेरी) मुरलेले पिंप अक्रोड व सुक्या फळांकडे झुकते, तर पेद्रो हिमेनेसचे (अतिगोड शेरीचे) काकवी आणि अंजिराकडे. युरोपीय ओक अमेरिकन ओकपेक्षा अधिक तुरट असतो. आपल्याला जाणवलेला कडवटपणा बहुधा तेथूनच आला असावा.

तुलनेसाठी ड्यूअर्स या स्कॉच कंपनीच्या ‘डबल डबल’ मालिकेतील २१ वर्षांची, ओलोरोसो पिंपात फिनिश केलेली ब्लेंड जमल्यास चाखावी. ती ४६ टक्क्यांची असल्यामुळे अंग टिकून राहते.

प्रश्नकर्ता

काल २१ अंशांवर दोन्ही ब्लेंड शेजारी ठेवल्या आणि कोणती कोणत्या पेल्यात आहे हे पत्नीने मला सांगितले नाही. पाण्याच्या चौथ्या थेंबानंतर शेरीच्या पेल्यात मध सापडला, तुरटपणा मात्र तसाच राहिला. सकाळी त्या पेल्यात अक्रोडाचा मंद वास होता. पिंप खरे आहे, पण या हलक्या ब्लेंडला ते जड झाले आहे, असे माझे मत बनले आहे.