अँजिओप्लास्टीनंतर भीती जात नाहीये, काय करू?

तीन महिन्यांपूर्वी अटॅक आला, एक स्टेंट टाकलाय, वय ४६. रिपोर्ट बरे आहेत, डॉक्टर म्हणतात चाला फिरा, पण साधा गॅस झाला तरी हात छातीवर जातो आणि रात्री बायको माझा श्वास बघत जागी असते. आधी दर रविवारी सिंहगड करायचो, आता सोसायटीचा जिना चढतानाही मोजत चढतो. तुम्ही यातून कसे बाहेर आलात?

पर्वतीकर: दादा सेम टू सेम, २०१९ ला. मी विजेचे खांब मोजायचो, आज चार, पुढच्या आठवड्यात पाच, असं करत करत आठ महिन्यांनी पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढलो, मध्ये तीनदा बसलो आणि वर जाऊन चक्क रडलो. बोलता बोलता चालता आलं पाहिजे, धाप लागून वाक्य तुटलं की स्पीड कमी, एवढंच. सिंहगडाचं डॉक्टरांना विचारूनच, तोवर पिठलं-भाकरी घरी खा :)

नर्सताई: कार्डिॲक रिहॅब (हार्टच्या पेशंटसाठी देखरेखीखाली व्यायाम) विचारा, तिथे मॉनिटर लावून चालवतात त्यामुळे धीर येतो. आणि बरं वाटतंय म्हणून रक्त पातळ करायच्या गोळ्या मनाने बंद करू नका, स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते. छातीत दुखून घाम आला तर मात्र गॅस समजून थांबायचं नाही, सरळ १०८.

मूळ प्रश्नकर्ता: धन्यवाद. खांबांचं बायकोला वाचून दाखवलं, म्हणाली उद्यापासून मी पण येते.