वीस वर्षांच्या स्वतःला काय सांगाल? (आपला फॅमिली ग्रुप)

पिंकी: सगळ्यांना जय ख्रिस्त 🙏 रविवारी उपासनेनंतर तरुण संघात विषय आहे, वीस वर्षांच्या स्वतःला पत्र. मोठ्यांनी दोन-दोन ओळी पाठवा ना, मी वाचून दाखवीन. फक्त हात जोडल्याचे इमोजी नका टाकू प्लीज. यंदा सोयाबीनच्या शेंगांना झाडावरच कोंब फुटले, कपाशीची बोंडं सडली, संघातली अर्धी पोरं येऊन नुसती गप्प बसतात, त्यांना काहीतरी खरं ऐकवायचंय

लहान काका: लिह की विश्वास पक्का ठेव, बाकी प्रभू पाहून घेतो. बायबलमधलं फिलिप्पैकरांस पत्र ४:१३, मला जो सामर्थ्य देतो त्याच्याकडून मी सर्वकाही करावयास शक्तिमान आहे. एवढं पुरे झालं

आत्या: भाऊ वचन बरोबरच आहे पण तेरावं एकटं नका देऊ पोरांना. प्रेषित पौल हे पत्र फिलिप्पैच्या मंडळीला जेलमधून लिहून रायला, बाराव्यात म्हणते की भुकेलं राहणंही शिकलो अन चौदाव्यात लगेच म्हणते की तरी माझ्या संकटात तुम्ही सहभागी झालात हे चांगलं केलं. त्याच मंडळीनं एपफ्रदीत नावाच्या माणसाच्या हातून त्याला सामान पाठवलं होतं. आपण तेरावं वचन फ्रेम करून भिंतीवर लावतो अन पोरांना वाटते की सारं एकट्यानंच पेलायचं आहे

बंटी: आत्या चौदावं वचन मी कधी लक्ष देऊन वाचलंच नव्हतं

मोठी आई: पिंके मी बोलून टाकून रायलो, फोन आपोआप लिहिते. तुये मोठे बाबा गेले तेव्हा लेकरं लहान होते अन त्याच साली कपाशी गेली, सावकाराचं देणं अलग. सारे म्हणत बाई मोठी विश्वासाची हाय, मजबूत हाय, मंग मले वाटे आता रडाले नाही पायजे, रडली तं लोक म्हणतीन इचा विश्वास कुठी गेला. दार लावून स्तोत्र २३ म्हणो तं आवाजच निघे नाही. एक दिवस महिला मंडळातली शेजारची काकू आली, वचन नाही सांगितलं, समजावलं नाही, सरळ चुलीपाशी बसली, पऱ्हाटीच्या काड्या मोडून चूल पेटवली, ज्वारीचं पीठ मळलं, भाकरी टाकल्या, आलू-वांग्याचा रस्सा केला अन पयले मले वाढलं मंग लेकराइले. मी ताटावरच रडलो तं ते नुसती पाठीवर हात ठेवून बसून रायली. रात्रीही तिथंच झोपली. लय दिवसानं मले झोप लागली त्या रात्री

मोठी आई: तं तेव्हाच्या मले एवढंच सांगीन का बाई, दार लावू नको. प्रभू येते पण तो काकूच्या रूपानं येते, कडी लावली तं तिनं आत कसं यावं

पिंकी: मोठी आई 😭 हे जसंच्या तसं वाचते

मामा: ताई एलीया संदेष्ट्याचं अगदी हेच आहे, १ राजे १९ काढा. कर्मेल डोंगरावर एवढा विजय मिळाला आणि ईजबेल राणीच्या धमकीनंतर तोच माणूस रानात झुडपाखाली बसून म्हणतो की आता पुरे, माझा प्राण घे. देव रागावला का? नाही. दूताने हात लावून म्हटलं ऊठ, खा. निखाऱ्यावर भाजलेली भाकर अन पाण्याची सुरई. खाऊन तो पुन्हा झोपला, दूत पुन्हा आला, पुन्हा खा म्हणाला. देवाचं बोलणं त्यानंतर, होरेब डोंगरावर. मी तरुणपणी फक्त कर्मेलवरच्या एलीयासारखं व्हायला पाहायचो, झुडपाखालचा एलीया कोणी दाखवला नाही आम्हाला. आणि रडण्याचं म्हणाल तर मित्र लाजर मेला तेव्हा येशू स्वतः रडला, योहान ११:३५

लहान काका: हे मला पटलं. मीही एक सांगतो. पंडिता रमाबाईंचे आईवडील अन बहीण दुष्काळात गेले, नवरा १८८२ मध्ये कॉलऱ्यानं गेला, लेक मनोरमा १९२१ मध्ये गेली. तरी त्या बायबलच्या भाषांतराला बसत होत्या, एप्रिल १९२२ मध्ये त्या स्वतः गेल्या. आपण म्हणतो एकटी बाई किती खंबीर, पण केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांच्याभोवती शेकडो बाया होत्या, तिथल्या छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवून ते बायबल बायांनीच छापलं

बंटी: काका एक विचारायचं होतं. माझा एक मित्र आहे, बाबांवर कर्ज आहे, तो रात्रभर झोपत नाही, म्हणतो प्रार्थना करून काय उपयोग, जगून तरी काय उपयोग. त्याला काय सांगू

लहान काका: त्याच्यासाठी आजच उपास-प्रार्थना धरतो

आत्या: धरा भाऊ, अन बंटी तू आज रात्री त्याला एकटं सोडू नको. जगून काय उपयोग म्हणते तर सरळ विचार की जीव द्यायचं मनात येते का, विचारल्यानं काही बिघडत नाही. १४४१६ टेलिमानसचा नंबर आहे, सरकारी आहे, फ्री आहे, चोवीस तास चालते, मराठीत बोलतात. तू बाजूला बसून लावून दे. जिल्हा रुग्णालयातही मानसिक आजाराचे डॉक्टर असतात. अन याला विश्वास कमी पडला म्हणू नका कोणी, शुभवर्तमान लिहिणारा लूक वैद्यच होता अन पौल त्याला प्रिय म्हणते

बंटी: निघालो त्याच्याकडे. आईनं डबा दिलाय दोघांचा

मोठी आई: जाय बेटा. फोन चालू ठेव

मामा: पोहोचला की मला कॉल कर, मीही येतो बाइकने. सकाळी दवाखान्यात जायचं झालं तर मी सोबत आहे

पिंकी: मला अजून एक वाटतं. या वर्षी कापणीच्या सणाला काही लोक येणार नाहीत, धान्यच नाही तर अर्पण काय आणायचं म्हणून लाजतात

लहान काका: हबक्कूक ३:१७-१८ वाचा त्या दिवशी, शेतात अन्न नाही, वाड्यात मेंढरं नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी उल्लास पावेन

मोठी आई: वाचा पण पयले त्याइच्या घरी जा. शनिवारी माह्या घरी या सारे, मी ज्वारी काढतो, बाया मिळून भाकरी टाकू, ज्याइच्या घरी कोणी जात नाही तिथं दोन-दोन जण जाऊ. कोणाकोणाच्या घरी जायचं ते पिंकी लिहून ठेव

पिंकी: हो लिहिते. वरच्या वस्तीतली घरं काका सांगतील, टाक्याकडची आत्याला माहीत आहेत

आत्या: टाक्याकडची पाच-सहा घरं आहेत, नावं पर्सनलवर पाठवते, इथं नको