मसूर शिजत नाही आणि आई काही बोलत नाही

एकटा_कुकर (इंदूर)

नमस्कार मंडळी. वय ५६, नोकरी बँकेत, स्वैपाकाचा अनुभव म्हणजे चहा आणि मॅगी. सौ. लेकीच्या बाळंतपणाला बंगळुरूला गेली आहे, परतायला फेब्रुवारी उजाडेल. घरात मी आणि आई. आई ८१ वर्षांची, कवळी आहे. दुपारचा डबा लावलाय, रात्रीचं काय ते माझ्यावर. मी सातला घरी येतो, आई आठला जेवते. साडेआठ वाजले की "आता राहू दे, दूध घेते" म्हणते आणि खरंच तेवढंच घेते.

पोळ्या मला येत नाहीत, शिकायचं वयही नाही. म्हणून एकाच भांड्यात होणारं, डाळ-भाजी दोन्ही पोटात जाईल असं, चमच्यानं खाता येईल इतपत दाट काहीतरी हवंय. मसूर घेतला, कारण चातुर्मास संपल्यावर आईच म्हणाली, "आता मसूर आणायला हरकत नाही." सियागंज बाजारातून दोन किलो अख्खा मसूर घेऊन आलो. (दोन किलो किती होतो हे घरी आल्यावर कळलं.)

मंगळवारी पहिला प्रयोग. मसूर, तीन टोमॅटो, चिंचेचा कोळ, गाजर, तिखट, मीठ, सगळं एकदम कुकरात. सहा शिट्ट्या. उघडून बघतो तर गाजराचा लगदा आणि मसूर बंदुकीच्या छऱ्यांसारखा. आणखी पाच शिट्ट्या दिल्या, तरी छर्रेच. आई एक शब्द बोलली नाही. रस तेवढा प्यायली आणि दाणे एकेक करून ताटाच्या कडेला लावत गेली. जेवण झालं तेव्हा कडेला चांगला अर्धचंद्र झाला होता.

गुरुवारी पाणी भरपूर घातलं, पार काठापर्यंत. शिट्टीतून फेस उडाला तो थेट छतावर. दाणे या वेळी जरा बरे होते, पण निम्मी आमटी ओट्यावर.

दुकानदारानं जुना माल दिला, की माझंच काही चुकतंय?

रामबागची_काकू

दुकानदाराला कशाला बोल लावता भाऊ! मसूर शिजायच्या आधी त्यात टोमॅटो आणि चिंच घातलीत तिथेच घोळ झाला. आंबट पडलं की डाळ अडून बसते, मग शिट्ट्या देत बसा. आमच्या सासूबाई म्हणायच्या, आंबट शेवटी, गूळ त्याच्याही नंतर.

आता नीट सांगते, तिघांना पुरेल असं. दोघांनी खाऊन सकाळी तुमच्या डब्यालाही होईल.

घरी आल्या आल्या, बूट काढायच्या आधी, एक वाटी मसूर धुऊन गरम पाण्यात टाका. मग कपडे बदला, आईजवळ जरा बसा. अर्धा तास झाला की उठा. कुकरमध्येच दोन चमचे तेल, मोहरी, जिरं, हिंग (हात आखडू नका), सात-आठ लसूण पाकळ्या ठेचून, एक कांदा. कढीपत्ता घाला, आणि आपल्याकडच्या भाजीवाल्याकडे तो "मीठा नीम" म्हणून मागा, नाहीतर तो तुमच्या तोंडाकडे बघत राहील. कांदा मऊ झाला की गाजर आणि दुधीच्या मोठ्या फोडी. बारीक चिरलंत की त्याचा लगदा होतो, तो तुम्ही पाहिलाच आहे. मग हळद, निथळलेला मसूर आणि दोन मुठी गव्हाचा दलिया. पोळी येत नाही म्हणता ना, हीच तुमची पोळी. दलियानं दाटपणा येतो आणि रात्री अकराला डबे उघडावे लागत नाहीत. वरून चार वाट्या गरम पाणी, मीठ. तीन शिट्ट्या, मग बारीक गॅसवर पाच मिनिटं. वाफ आपोआप जाऊ द्या, शिट्टी उचलायची घाई नको.

तोवर छोट्या कढईत चमचाभर तेलावर एक टोमॅटो मऊ करा, त्यात तिखट आणि दीड चमचा गोडा मसाला परता. कुकर उघडला की हे त्यात ओता, सुपारीएवढा गूळ टाका, मूठभर चिरलेली मेथी घाला आणि पाच मिनिटं उकळा. मेथी सध्या छान येतेय. वाढताना तूप. आईंच्या वाटीत दोन चमचे घाला, विचारू नका.

आणि कुकर अर्ध्याच्या वर भरायचा नाही. मसुराला फेस फार. पाण्यात चमचाभर तेल असलं की तो बसतो.

निवृत्त_मास्तर

काकूंचं बरोबर आहे, पण माझी शंका वेगळीच आहे. मंगळवारी पाणी कुठलं वापरलंत? नळाला येणारं नर्मदेचं की बोरिंगचं?

एकटा_कुकर

मास्तर, नळाला एक दिवसाआड पाणी येतं. मंगळवारी आमची पाळी नव्हती आणि टाकीही रिकामी होती, म्हणजे बोरिंगचंच. गुरुवारी नर्मदेचं. हे तुम्हाला कसं कळलं?

निवृत्त_मास्तर

३१ वर्षं रसायनशास्त्र शिकवलं, तेवढं कळायला हवं. डाळीच्या दाण्यातल्या पेशी एकमेकींना चिकटून असतात त्या पेक्टिननं. पाण्यात भिजून, उष्णतेनं ते विरघळलं की दाणा मऊ पडतो. बोरिंगच्या जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम असतं. ते पेक्टिनला धरून ठेवतं आणि त्याला विरघळू देत नाही. आंबटपणाही तेच करतो. तुम्ही मंगळवारी दोन्ही एकत्र आणलेत, मग बिचारा मसूर काय करणार! नर्मदाकाठच्या जलूदहून ७० किलोमीटर पाणी आणायचा खटाटोप या शहरानं केला, आणि तुम्ही डाळ बोरिंगवर शिजवताय.

नर्मदेचं पाणी नसेल त्या दिवशी आरओचं घ्या, क्षार निघालेले असतात. नुसता कँडलचा फिल्टर असेल तर उपयोग नाही, त्यानं जडपणा जात नाही. तेही नसेल तर बोरिंगचं पाणी दहा मिनिटं खळखळ उकळून निवू द्या आणि वरचं वरचं ओतून घ्या. तळाला पांढरा थर बसेल, तो तुमच्या गिझरमध्येही असणार. कोणीतरी येऊन "चिमूटभर सोडा टाका" असं सांगेल. शिजेल, पण चव साबणासारखी होते आणि ब१ जीवनसत्त्वाचा बराचसा नाश होतो. ८१ वर्षांच्या माणसाच्या ताटात मी टाकणार नाही.

जुन्या मालाचं म्हणाल तर तोही चिवट होतो, अगदी नाही असं नाही. पण गुरुवारी दाणे बरे शिजले म्हणता, म्हणजे माल ठीक आहे.

लष्करवाला (ग्वाल्हेर)

मी सोडाच सांगायला आलो होतो. परत जातो.

जाता जाता एक. कवळी आहे तर अख्ख्या मसुराच्या मागे कशाला लागता? मलका आणा. सालं काढलेला, गुलाबी. भिजवायला नको, साध्या भगोन्यात वीस मिनिटांत विरघळतो. आमच्याकडे रोज तोच. पुण्याचे पाहुणे त्याला तूर समजून खातात, आम्ही सांगत नाही.

दांडियाबाजार (बडोदा)

वरणफळांचं नाव अजून कोणीच कसं काढलं नाही? डब्यातल्या पोळ्या उरतात ना? त्यांचे शंकरपाळ्यासारखे तुकडे करून उकळत्या आमटीत सोडा आणि सात-आठ मिनिटं ठेवा. मूठभर शेंगदाणे आधीच डाळीबरोबर शिजवून घ्या. (आईंच्या वाटीत नकोत, कवळीत अडकतात.) इथे शेजारी याला दाळढोकळी म्हणतात. त्यांचं म्हणणं आम्ही ती त्यांच्याकडून उचलली, आमचं म्हणणं आम्ही वरणफळं बांधूनच इथे आलो. वाद चालू आहे, वाट्यांची देवाणघेवाणही.

आणि काकू, मसुराला गोडा मसाला? आमच्याकडे नुसतं आलं-लसूण आणि धनेजिरे.

रामबागची_काकू

बडोद्याच्या ताई, तुमच्याकडे डाळीत साखर पडते. मसाल्यावर आपण नंतर बोलू.

एकटा_कुकर

मंडळी, काल रात्री केलं. नर्मदेचं पाणी, अर्धा तास भिजवण, दलिया दोन मुठी. माझी मूठ मोठी आहे, त्यामुळे अंमळ खिचडीकडे झुकलं. वाटीभर गरम पाणी घालून सारखं केलं. सात दहाला घरी, साडेआठला पाच कमी असताना वाट्या भरल्या होत्या. माझ्या वाटीवर लौंगेची सेव टाकली, इंदुरात राहून सेव टाकायची नाही म्हणजे काय! आईनं सेवेकडे बघून मान फिरवली.

तिनं दोन वाट्या खाल्ल्या. ताटाच्या कडेला मीठ्या नीमाची चार पानं होती, बाकी काही नाही. उठताना म्हणाली, "हिंग कमी पडला." मंगळवारपासून जेवणाबद्दल बोललेलं हे पहिलं वाक्य.

आज सकाळी उरलेलं बघितलं तर सुरी लावून वड्या पडतील इतकं घट्ट. दलिया रात्रभर पाणी पितच बसतो वाटतं. पाणी घालून, गरम करून डब्यात नेलं, चव कालच्यापेक्षा बरी होती.

आता मलकाही आणीन, पण आधी हा मसूर संपवतो. दीड किलो आहे अजून. आणि छतावरचा हळदीचा डाग कशानं जातो?

रामबागची_काकू

साबणाच्या कोमट पाण्यानं पुसा, तेलकटपणा निघेल. हळदीचा पिवळेपणा उन्हानं उडतो, पण स्वैपाकघराच्या छताला ऊन कुठून आणणार? सौ. यायच्या आधी रंगाचा हात मारून घ्या.