‘साप चावला’ की ‘सापाने चावले’?

पांदण: कापूस वेचणाऱ्या बायांसाठी सर्पदंशाचं पत्रक हिंदीवरून मराठीत करायचं आहे. मूळ ओळ ‘जिसे साँप ने काटा हो’. ‘सापाने चावलेल्या व्यक्तीस’ असं लिहिलं, तर तपासणाऱ्यांनी ‘ने’ खोडला. ठेवावा का?

धुरा: खोडला ते बरोबर. चावणे दोन आहेत. ‘कुत्र्यानं हाड चावलं’ म्हणजे दातांनी फोडलं. कर्त्याला ‘ने’, क्रियापद हाडाप्रमाणे. दंशाचं वेगळं: ‘मजुराला साप चावला’, ‘नागीण चावली’, ‘मुंग्या चावल्या’. क्रियापद चावणाऱ्याप्रमाणे फिरतं, ‘ला’ माणसाला. ‘साप चावलेल्या मजुराला’ लिहा.

निंबोणी: पण ‘कुत्र्यानं चावलं’ लोक बोलतातच की. बोलतात ते मराठीच. प्रत्येक ‘ने’वर हिंदीचा शिक्का मारू नका.

धुरा: मग विशेषण करून बघा. ‘चावलेलं हाड’ म्हणजे ज्याला चावलं ते. ‘चावलेला साप’ म्हणजे ज्यानं चावा घेतला तो. पत्रकात ‘चावलेला साप पकडायला जाऊ नका’ हे वाक्य लागणारच, ते याच जोरावर उभं राहतं. शिकणे, विसरणे, पिणे हीही अशीच. कर्म असूनही ‘ती पाणी प्याली’, ‘तिनं’ नाही.

पऱ्हाटी: भाऊ, बायांसाठी आहे तर वऱ्हाडीत लिहा नं! ‘ज्याले साप चावला त्याले चालवू नका.’

निंबोणी: आणि ‘म्या’सुद्धा येऊ द्या. ‘म्या कापूस येचला’, ‘म्या पऱ्हाटी उपटली’. क्रियापद कर्माप्रमाणे फिरतं, तेव्हा कर्त्याला वेगळं रूप हवंच. प्रमाण मराठीत ‘त्याने’ उरलं, पण ‘मी’ कोरा राहिला. ‘म्यां’, ‘तुवां’ जुन्या मराठीत आहेत. त्यावर शाळेत लाल रेघ ओढणं हा अन्याय आहे.

धुरा: ‘म्या’ मान्य. ‘ले’ मात्र शेजारच्या छत्तीसगढीतून शिरला असावा, तो छापू नये.

पऱ्हाटी: उलट आहे. छत्तीसगढीत ‘मला’ म्हणजे ‘मोला’. तिथं ‘ले’चा अर्थ ‘पासून’. आपला ‘ले’ पश्चिमेला अहिराणीत भेटतो. अन् तो ‘ला’इतकंच काम करतो: ‘बैल बांधला’, पण ‘बैलाले बांधलं’. ‘ले’ लागला की क्रियापद बैलाला सोडून नपुंसकात जातं.

धुरा: ते ‘ला’नंही होतंच. छापील मजकुरात ‘ला’च हवा.

पांदण: आणि मथळ्यात ‘दंश’ लिहू की ‘चावा’?

पऱ्हाटी: आधी ‘ले’चं ठरवा.